कुणाच्या शेतात?

नांदेडच्या लॉजवाल्यानं आधार कार्ड मागायच्या आधी विचारलं, "हितं तुमचं कुणी न्हाई का?"

प्रश्न साधा होता, पण आमच्या ह्यांना झोंबला. "असलं तरी आम्ही कुणाकडे उतरत नाही," ते म्हणाले. "उगीच कुणाला त्रास नको." लॉजवाल्यानं एकदा ह्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि 'तुम्ही कसं काय सोसता बाई' अशा चेहऱ्यानं किल्ली माझ्याच हातात दिली.

'उगीच कुणाला त्रास नको' हे आमच्या घराचं ब्रीद. पुण्यात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं ते मला त्यांच्या दारावरच्या पाटीवरून माहीत आहे, आणि त्यांनाही आमच्याबद्दल तेवढंच माहीत असणार. भांडण नाही, तंटा नाही, जाणं नाही, येणं नाही. आमचे हे याला सुखाचा संसार म्हणतात. मी आपली मान डोलावते, कारण सकाळच्या चहाबरोबर वाद मला सोसत नाही.

आम्ही खरे निघालो होतो लातूरला, मुलाचं सामान बांधायला. समीर तिथे एका क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवतो. नोकरी चांगली, मुलं खूश, तब्येत ठणठणीत. आणि दोन वर्षांनी एके दिवशी फोनवर म्हणाला, "आई, मी परत येतो. इथं काही कमी नाही गं. पण मी इथं नुसता असतो." वेळअमावस्येच्या सुट्टीनंतर क्लासच्या संचालकांना पक्कं काय ते सांगायचं होतं. ह्यांना आनंदच झाला. "येऊ दे की, त्याची खोली तशीच आहे," म्हणाले. मला त्या खोलीचीच धास्ती होती. त्या खोलीतही तो दार लावून नुसता असायचा, ते मी विसरले नव्हते. मुलगा लांब असला तरी चालेल, पण हसत असू दे, एवढंच माझं मागणं होतं. पण बॅगा भरणाऱ्या नवऱ्याला हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

लातूरच्या गाडीचं आरक्षण मिळालं नाही म्हणून नांदेडवरून जायचं ठरलं. गुरुद्वारा बघायची माझी इच्छाही त्यात उरकून घ्यायची होती.

नांदेड

लंगरच्या पंगतीत आमचे हे पाठ ताठ करून बसले. वाढप्याला "थोडंसंच हं, थोडंसंच" म्हणत होते. वाढप्यानं ते प्रेमानं ऐकून घेतलं आणि डाळीचा भरलेला डाव ताटात ओतला. रोटी वरून टाकतात, म्हणून ओंजळ पुढे करावी लागते. ह्यांनी आयुष्यात कुणापुढे हात पसरलेला नव्हता, त्यामुळे पहिली रोटी मांडीवर पडली. दुसरी मात्र नीट झेलली. तिसरी ह्यांनी स्वतःहून मागितली, ते मी बघितलं नाही असं दाखवलं.

जेवणानंतर मी लसूण सोलायला बसलेल्या बायकांत जाऊन बसले. शेजारी सुनंदाबाई होत्या. अर्धापूरच्या, दवाखान्यातल्या नर्सच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या. शेजारून जाणाऱ्या एका ओळखीच्या बाईंना त्यांनी "जय भीम" केला आणि पुन्हा लसणाकडे वळून मला विचारलं, "कुणाकडं उतरलात?"

"लॉजवर."

"का बरं? कुणी न्हाई का?"

आता मला नांदेडचा हा प्रश्न पाठ झाला होता. मी नुसती हसले. लसणाची टोपली रिकामी होईपर्यंत त्यांना माझा मुलगा, त्याचं वय, त्याचं न झालेलं लग्न आणि माझे गुडघे, सगळं कळलं होतं. संध्याकाळी आम्ही विष्णुपुरीला गोदावरीचं धरण बघायला निघालो, तर बाई रिक्षात आमच्या आधी बसलेल्या. "तुम्हाला काय ठावं, कुठून चांगलं दिसतं ते," म्हणाल्या. हे माझ्या कानात पुटपुटले, "आपण यांना कधी बोलावलं?" मी म्हटलं, "मीही तेच आठवतेय."

पण खरोखरच, त्यांनी दाखवलेल्या जागेवरून नदी जशी दिसली तशी आमची आम्हाला दिसली नसती. पाणी पार लांबवर पसरलेलं, ऊन उतरत आलेलं, काठावर म्हशी निवांत. बाईंनी पिशवीतून अर्धापूरची केळी काढली. पिवळीधमक, आणि गोड तर इतकी की ह्यांनी दोन खाल्ली. तिथंच त्यांनी विचारलं, "लातूरला चाललात तर मग अमुश्याला कुणाच्या शेतात?"

"कुणाच्याच नाही," हे म्हणाले. "मुलाच्या खोलीवर आराम."

सुनंदाबाई गप्प झाल्या. एवढ्या वेळात पहिल्यांदाच. मग त्यांनी उरलेली अख्खी फणी माझ्या पिशवीत कोंबली. "आमच्याकडं तेवढं न्हाई, पण लातूरला त्या दिशी काईच उघडं नसतं. असू द्या जवळ." त्यांच्या आवाजात कीव होती, ती ह्यांना कळली नाही, मला कळली. पण कशाबद्दल, ते मलाही कळलं नाही.

लातूर

समीरची खोली पहिल्या मजल्यावर. खाली घरमालक आप्पा आणि महानंदाकाकू राहतात. आप्पांचं हार्डवेअरचं दुकान आहे आणि औशाच्या रस्त्याला शेत आहे. खोली इतकी टापटीप की माझीच मला शाबासकी द्यावीशी वाटली. मग जेवायची वेळ झाली आणि मी मांडणीकडे बघितलं. एक ताट. एक वाटी. एक पेला. एक चमचा.

"बाकीची भांडी कुठायत?" मी विचारलं.

"बाकीची कशाला?" समीर म्हणाला. "मी एकटाच असतो ना."

दोन वर्षांत या मुलाच्या खोलीवर दुसरं माणूस जेवलेलं नव्हतं! मला एकदम भरून आलं. पण पोटात भूक होती, आणि रडताना जेवता येत नाही, म्हणून आधी जेवणाचं बघितलं. "काकूंकडून दोन ताटं आण," मी म्हटलं. त्यावर बापलेक एका सुरात म्हणाले, "कशाला त्यांना त्रास!" मग आम्ही आळीपाळीनं जेवलो. आधी हे, मग मी, मग समीर. मधल्या वेळात ताट धुवायचं. डब्यातली भाजी गार झाली, पण घराण्याचं ब्रीद शाबूत राहिलं.

संध्याकाळी जिन्यात महानंदाकाकू भेटल्या. कपाळाला विभूतीचे आडवे पट्टे, डोक्यावर पदर, हातात मेथीची भलीमोठी जुडी.

"सर, आईबाबा आले व्हय? बरं झालं. अमुश्याला कुणाच्या शेतात?"

"कुठंच नाही काकू," समीर म्हणाला. "घरीच."

"बरं," काकू म्हणाल्या आणि जिना उतरल्या. त्यांचा चेहरा पडलेला मी स्पष्ट पाहिला.

बाजारात गेलो तर तिथेही तेच. रस्त्याच्या कडेला तुरीच्या शेंगा, हरभऱ्याची डहाळी, वाटाणा, कांद्याची पात, बोरं, पालक, यांचे ढीग लागलेले, आणि अख्खं लातूर त्यावर तुटून पडलेलं. भाजीवालीनं विचारलं, "कुणाच्या शेतात?" चहावाल्यानं विचारलं. इस्त्रीवाल्यानं तर कपडे मोजता मोजता थांबून विचारलं. समीर सगळ्यांना तेच सांगत होता, "कुठंच नाही," आणि समोरचा प्रत्येक माणूस 'बरं' म्हणून दुसरीकडे बघत होता.

शेवटी मी त्याला एका बाकड्यावर बसवलं. "हा काय प्रकार आहे?"

मग सगळं बाहेर आलं. मार्गशीर्षातल्या अमावस्येला, म्हणजे वेळअमावस्येला, इथे सगळं गाव शेतात जेवायला जातं. ज्याचं शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात जातो. "पहिल्या वर्षी मला वाटलं, कुणीतरी बोलावेल," समीर म्हणाला. "मी नवीन शर्टसुद्धा घेतला होता, आई. सगळे विचारत होते, कुणाच्या शेतात, कुणाच्या शेतात. पण एकानंही 'या' म्हटलं नाही. त्या दिवशी मेस बंद, हॉटेलं बंद, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. मी बिस्किटं खाऊन झोपलो. गेल्या वर्षीही तेच. आपण कुणाच्या हिशेबातच नाही, असं वाटतं मग."

माझा मुलगा एकतीस वर्षांचा आहे. त्या बाकड्यावर तो मला पाच वर्षांचा दिसला. लातूरकरांचा मला असा काही राग आला, की चहा अर्धा टाकून उठले.

अमावस्या

सकाळी जाग आली ती शांततेनं. दूधवाला आला नाही. चहाची टपरी बंद, समोरचं किराणा दुकान बंद, बसचा आवाज नाही. एवढं मोठं शहर, पण वऱ्हाड गेल्यावर मंगल कार्यालय दिसतं तसं दिसत होतं. चहाविना आमच्या ह्यांची पार दशा झाली. "या लोकांना काही शिस्त?" ते म्हणाले. मी त्यांच्या हातात सुनंदाबाईंचं केळं दिलं.

खाली मात्र गडबड चालली होती. गॅलरीतून बघितलं तर आप्पांचा टेंपो दाराशी उभा. पातेली, टोपल्या, घोंगड्या, झोक्याचे दोर चढत होते. महानंदाकाकू नवं लुगडं नेसून, आंबिलीचं मडकं मांडीवर सांभाळत टेंपोत बसलेल्या. सगळं भरून झालं. तरी टेंपो हलेना. आप्पा उगाचच टायरकडे बघत होते. काकूंनी एकदा वर पाहिलं आणि लगेच मान खाली घातली.

मला काय झालं कोण जाणे. जन्मात जे केलं नाही ते केलं. गॅलरीतून वाकले आणि ओरडले, "काकू, आम्ही येऊ का?"

मागून ह्यांनी माझा पदर ओढला. समीर "आई!" म्हणून किंचाळला. मग काकूंनी मडकं आप्पांच्या हातात दिलं, टेंपोतून उतरल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"येऊ का म्हंजे? दोन वर्सं झाली सरला इचारायलेय मी, कुणाच्या शेतात म्हणून! ते म्हंतेत कुठंच न्हाई. मी म्हटलं, मोठ्या गावचे लोक, आमच्या मातीत बसून खायला नको वाटत आसंल. लई वाईट वाटलं मला."

समीर पायऱ्या उतरून खाली धावला. "पण काकू, तुम्ही 'या' असं कधी म्हणालात?"

"या?" काकू चकित झाल्या. "अमुश्याला 'या' म्हणावं लागतंय व्हय? लगीन हाय का, पत्रिका वाटायला? इचारलं की झालं की. ज्यानं इचारलं त्याच्या शेतात जायचं!"

समीर खालच्या पायरीवर बसला. भाजीवाली, चहावाला, इस्त्रीवाला, असे सगळे त्याच्या डोळ्यांपुढून गेले असणार, कारण माझ्या तरी गेले. अख्ख्या लातूरनं माझ्या पोराला जेवायला बोलावलं होतं, दोन वर्षं, आणि त्यानं अख्ख्या लातूरला नाही म्हटलं होतं. तिकडे गाव म्हणत होतं, सर फार शिष्ट आहेत. इकडे सर बिस्किटं खात होते. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि दोन्ही आवरत ह्यांची मफलर शोधायची होती.

"टायर चांगलं हाय," आप्पा एकदम म्हणाले. "चला."

शेतात कडब्याच्या पेंढ्यांची झोपडीसारखी कोप उभी केली होती. आत चुना लावलेले पाच दगड मांडलेले, ते पांडव. पूजा झाल्यावर आप्पांनी आंबील शिंपडत शेताला फेरी घातली. त्यांच्या मागून घरातली माणसं काहीतरी कानडी वळणाचं ओरडत चालली होती. समीरला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण तो सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होता.

मग जेवण. भज्जी म्हणजे आपली तेलात तळलेली भजी नव्हेत. बाजारात बघितलेले ते सगळे हिरवे ढीग, चिंच आणि बेसन घालून एका पातेल्यात रटरटवलेले. बाजरीचे वाफवलेले उंडे, तीळ लावलेली भाकरी, गव्हाची खीर, आणि आंबील. ज्वारीच्या पिठाचं, ताकातलं, लसणाचा वास असलेलं हे आंबट पेय बघून ह्यांनी नाक मुरडलं. "थोडंसंच हं," म्हणाले. तिसऱ्या पेल्यानंतर त्यांनी ते शब्द सोडले आणि बोरीच्या झाडाखाली आडवे झाले. आंबिलीनं झोप येते हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. लोकांच्या शेतात, लोकांच्या घोंगडीवर, पाय पसरून, तोंड उघडं टाकून झोपलेला माझा नवरा मी पहिल्यांदाच पाहत होते. फोटो काढून ठेवला आहे. पुढेमागे वादात उपयोगी पडेल.

ते जागे झाले तेव्हा मोटरसायकलवरून दोन माणसं येऊन जेवत होती. ह्यांनी आप्पांना हळूच विचारलं, "हे कोण?"

"म्हाईत न्हाई," आप्पा म्हणाले. "जेवायला आलेत. तेवढी खीर वाढा की त्यांना."

आणि आमचे हे उठले, डोळे चोळले, आणि अनोळखी माणसांना आग्रह करून खीर वाढू लागले. "अहो घ्या, संकोच करू नका, आपलंच आहे," हे त्यांचे शब्द. आपलंच म्हणे! मी पदर तोंडाला लावला.

एवढ्यात पलीकडच्या बांधावरून आरोळी आली, "ए, सर हायेत रे! सर शेतात आलेत!" समीरचे विद्यार्थी. शेजारच्या शेतातून, त्याच्याही पलीकडच्या शेतातून पोरं-पोरी धावत आली आणि त्याला घेऊन गेली. लांबून मला त्याचा शर्ट तेवढा दिसत होता. या कोपेतून त्या कोपेत, प्रत्येक ठिकाणी वाकून आत शिरायचा, बाहेर यायचा तेव्हा हातात काहीतरी असायचं. मध्येच झोक्यावर दिसला. मग दिसेनासा झाला. सूर्य कलला तरी पत्ता नाही.

"त्याला उद्या संचालकांना सांगायचंय," हे म्हणाले. पण आवाजात सकाळचा जोर नव्हता. मला माझं मागणं मिळतंय की नाही, तेच मी बांधावर बसून बघत होते.

अंधारता अंधारता आला. खिशांत बोरं, हातात हरभऱ्याची डहाळी, शर्टावर खिरीचा डाग, आणि तोंडभर हसू. सामान टेंपोत चढलं होतं. आप्पांनी कडब्याची पेंढी पेटवून शेतात फिरवली आणि विझवली. महानंदाकाकू रिकामं मडकं घेऊन चढल्या आणि समीरला म्हणाल्या, "सर, पुढल्या वर्सी मी इचारणार न्हाई हं. सांगून ठेवते."

समीरनं हातातली डहाळी टेंपोत ठेवली.

"नका विचारू काकू," तो म्हणाला.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी टेंपोच्या टायरकडे बघत बसले. डोळ्यांत धूर गेला होता, पेंढीचा.

परत

समीरच्या सामानासाठी आणलेल्या बॅगा रिकाम्याच घेऊन आम्ही परत निघालो. त्या आधी समीर बाजारातून एक जड पुडकं घेऊन आला. सहा ताटं, सहा वाट्या, सहा पेले. हे म्हणाले, "एवढी कशाला? तू एकटा तर असतोस." सवय, दुसरं काय! मी ताट उलटं करून बघितलं. पाठीवर समीरचं नाव मशीननं कोरलेलं.

"नाव कशाला टाकून घेतलंस?" मी विचारलं. "आपल्याकडे कुणी टाकत नाही."

"दुकानदारानं विचारलं, नाव काय टाकू. मी म्हटलं, नको. तर तो म्हणाला, सर, ताट शेजारी गेलं की परत कसं यायचं?"

पुण्याला आल्यावर मी माझ्या मांडणीवरची ताटं एकेक करून उलटी केली. लग्नातली, दिवाळीची, बक्षिसाची. एकावरही नाव नाही. कधी लागलंच नव्हतं, कारण त्यातलं एकही आमच्या उंबऱ्याबाहेर गेलेलं नाही.

त्याच दिवशी त्यातलं एक ताट घेतलं, त्यात समीरनं दिलेली बोरं घातली आणि समोरच्या दाराची बेल वाजवली. बाईंनी दार अर्धं उघडलं, घाबरल्यासारखं ताट घेतलं आणि "थँक यू" म्हणून दार लावलं. त्याला आज आठवडा झाला. ताट काही परत आलेलं नाही. आमचे हे रोज संध्याकाळी विचारतात, "आलं का गं ताट? तरी मी सांगत होतो."

मी म्हणते, येईल. आणि नाही आलं तर फारच छान. उद्या ते मागायला मी स्वतःच जाणार आहे, आणि त्यांनी "या" म्हणायची वाट बघणार नाही.